तिसरा तुकडा

१२ जून, गुरुवार

ईऱ्याची कॅसेट परत काढणार आहेत म्हणे! चव्वेचाळीस वर्षांनी. काय एकेकाला उद्योग असतात.

सकाळी एक मुलगी आली होती. अंकिता. मूळची मोहोळची, राहते पुण्यात. जुन्या टेपा, रेकॉर्डी साफ करून कॉम्प्युटरवर चढवायचं तिचं काम. वय तिशीच्या आसपास, पाठीला पिशवी, दारातूनच "रावजीकाका ना?" — जसं काही मी हिला कडेवर घेऊन हिंडवलंय. आमच्या बजाबाईनं लगेच पोहे टाकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दारात कुणी उभं राहिलं की पोहे, यात फरक नाही.

मुलगी म्हणते, तुम्ही पाच जणांनी एक्क्याऐंशी साली जे वाजवलं ते जाझ आहे, मला या भागात असं दुसरं कुठं सापडलं नाही, अमूल्य आहे. अमूल्य! शिसारी आली त्या शब्दाची. वाजवत होतो तेव्हा कुणी पाण्याला विचारलं नाही. वऱ्हाड जेवून हात पुसायचं आणि आम्ही लाल कोटात घामेजून मांडवामागं बसून राहायचो.

फोनवर तिनं कॅसेटच्या कागदाचा फोटो दाखवला. वर ट्रंपेटचं चित्र, खाली "ईरप्पा आणि पार्टी". मी पार्टी. हुसेनसाब पार्टी. धुळाप्पा आणि धोंडप्पा, दोघंही वर गेले, तेही पार्टी. चार माणसं एका शब्दात गुंडाळली! पोहे तसेच ठेवून मी गच्चीवर गेलो. खाली बजाबाई तिची माफी मागत होती, तेही ऐकू आलं.

१३ जून, शुक्रवार

ती पोर रविवारी परत येणार आहे. बजाबाई म्हणते, नीट बोला. मी नीटच बोलतो!

१५ जून, रविवार

आली. विचारते, हे असं वाजवायचं तुम्हाला सुचलं कसं? सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. न सांगावं तर हे लोक मनानंच काहीतरी छापतात.

आम्ही वरातीच्या बँडमधले. बावीस माणसांचा बँड. ईऱ्या पहिला ट्रंपेट, मी दुसरा. दुसऱ्यानं काय करायचं, तर पहिला दम खाईल तेवढी जागा भरायची आणि त्यानं परत तोंडाला लावला की मागं सरायचं. रेल्वे कॉलनीत मारिया टीचर राहायच्या, शाळेत गाणं शिकवायच्या. त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या परदेशी रेकॉर्डी त्यांच्याकडं होत्या. एका वरातीत ईऱ्याला ऐकून त्यांनी त्याला घरी बोलावलं, एक रेकॉर्ड लावली. पुढच्या रविवारी तो मला घेऊन गेला.

त्यात पाचच माणसं. पुढं ट्रंपेट, मालक तोच. आधी सगळे मिळून चाल वाजवतात. मग एकेक जण चाल सोडून हिंडायला जातो, मागचे त्याची वाट बघत वाजवत राहतात, आणि तो बरोबर वेळेला घरी येतो. कुणी घाई करत नाही. बँडमध्ये आम्हाला घाई तेवढी माहीत! नवरदेवाचे मित्र कोट ओढून ओढून "फास्ट घ्या, फास्ट" करायचे. त्या रेकॉर्डमध्ये ट्रंपेट एक सूर लावून चक्क थांबायचा. गप्प. आणि गप्प असतानाही त्याचंच वाजवणं चालू आहे असं वाटायचं. बाहेर पडल्या पडल्या ईऱ्या म्हणाला, "आपुन बी पाचच जन घिऊ."

त्यांच्यासारखा पियानो कुठून आणणार? हुसेनसाबच्या क्लॅरिनेटवर भागवलं. तळाचा जाड सूर धुळाप्पाच्या युफोनियमचा. धोंडप्पाचा ड्रम. रेकॉर्डमधला ट्रंपेट मधेच दबक्या आवाजात बोलायचा, ते कसं करतात कळेना. ईऱ्यानं घरातून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला आणला, आत फडकं कोंबलं आणि ट्रंपेटच्या तोंडाशी धरला. तोच आवाज! हे सांगताना मी हसलो असणार, कारण बजाबाई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग मलाच माझा राग आला.

पोरीनं सगळं टिपून घेतलं. पेल्याबद्दल तीनदा विचारलं. दुसऱ्या ट्रंपेटबद्दल एकदाही नाही.

१८ जून, बुधवार

कॅसेटमध्ये चार तुकडे आहेत. नावं नाहीत, नुसते आकडे. लोकांच्या लक्षात राहिला तो तिसरा. हळू चालीचा. मधे बाकीचे जवळजवळ थांबतात आणि ट्रंपेट एकटा जातो. त्या काळात चहाच्या टपऱ्यांवर तो तुकडा मागून मागून लावायचे. अजून एखादा म्हातारा भेटला की म्हणतो, काय तो ईरप्पाचा तिसरा!

ईरप्पाचा नाही. माझा आहे.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बजाबाईलासुद्धा नाही. वैशाखातला दिवस. आधीच्या तीन दिवसांत सहा वराती झाल्या होत्या. ईऱ्याचा ओठ फाटला होता, रक्त थांबत नव्हतं. तिसऱ्या तुकड्याच्या वेळी त्यानं ट्रंपेट खाली ठेवला, ओठाला फडकं लावलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. त्याचाच ट्रंपेट उचलून मी वाजवलं. डोळे मिटून वाजवलं. तसं त्याआधी कधी वाजवलं नाही आणि नंतर तर नाहीच.

आणि कागदावर छापून आलं काय? ईरप्पा! त्यानं चुकूनसुद्धा कधी सांगितलं नाही की हा रावजीचा. लोक कौतुक करायचे आणि हा मान हलवायचा. पुढच्याच महिन्यात मी बँड सोडला, जकात नाक्यावर कारकून म्हणून लागलो. कॅसेट घरात येऊ दिली नाही. टपरीवर लागली की अर्धा चहा टाकून उठायचो. लोकांना वाटायचं मला संगीताचा कंटाळा आला. किळस आली होती, कंटाळा नाही.

२२ जून, रविवार

आज तर हद्द झाली!

पोरीनं पहिला तुकडा साफ करून आणला. कान झाकणारं ते यंत्र मला लावलं. ऐकतोय तर माग गायब!

रेकॉर्डिंग झालं इथल्याच भवानी पेठेत, गंगम्माच्या घरी. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या शेडमध्ये तिचे चार यंत्रमाग, चादरींचे. खोली वापरा म्हणाली, पण माग थांबणार नाहीत. मूळ टेपही इतकी वर्षं तिच्याच कपाटात होती, तिथूनच अंकितानं मिळवली. तर त्या दिवशी आम्ही सगळे वैतागलो, आता या खटखटीत काय वाजवणार? ईऱ्या शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं नुसता ऐकत होता. परत आला आणि म्हणाला, थांबवू नका, ह्येच्यावरच वाजवू. मग धोंडप्पानं आपला ताल मागात बसवला. म्हणजे जिथं मागाचा ठोका पडेल तिथं हा हात वर उचलून घ्यायचा. अर्धा ताल त्याचा, अर्धा मागाचा. घामाघूम होईपर्यंत त्याची तालीम केली होती आम्ही.

आता माग काढला तर काय राहिलं? बिचारा धोंडप्पा लंगडत चाललाय! पावलापावलाला खड्डा. ऐकणारा म्हणेल, काय भिकार ड्रमवाला घेतला होता. मेलेल्या माणसाची ही शोभा!

मी ओरडलो. बरंच ओरडलो. ती म्हणाली, काका, तो नॉईज आहे, सगळेच काढतात. म्हटलं, तुला जो नॉईज वाटतोय तो आमचा अर्धा ड्रम आहे, बाई! मग मूळचं लावून मांडीवर बोटानं ताल धरत बसली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तिचं तोंड उतरलं. चारही तुकड्यांत माग ठेवीन म्हणाली. ठेवशील नाहीतर काय!

२४ जून, मंगळवार

ताप. बजाबाई म्हणते ओरडल्यामुळं आला. काहीही.

२९ जून, रविवार

सांगून टाकलं. अंकिता तिसऱ्या तुकड्याबद्दल ईरप्पांची कमाल, ईरप्पांचा श्वास असं काहीबाही बोलत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तो ट्रंपेट माझा आहे. ओठ, फडकं, सगळं सांगितलं. बजाबाई हातातली ताटली घेऊन तशीच उभी. पोर म्हणाली, काका, मग नाव बदलायला पाहिजे. पण दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं.

संध्याकाळी विजापूर वेशीत हुसेनसाबकडं गेलो. क्लॅरिनेट केव्हाच विकला त्यानं. सून कमरबी सरबत देऊन गेली. मी विचारलं, त्या दिवशी तिसरा कुणी वाजवला? तो चष्मा पुसत बसला. पुसतोय, पुसतोय.

"तू वाजीवलास, ते खरं हाय. मी तितंच व्हतो."

मग हेच त्या पोरीला फोन करून सांग म्हटलं. तर म्हणतो, ट्रंपेटचं ट्रंपेटवाल्याला इचारा, मी क्लॅरिनेटवाला! जन्मभर ईऱ्याला घाबरला, अजून घाबरतोय. सरबत अर्धं ठेवून आलो.

६ जुलै, रविवार

अंकिताच्या गाडीतून अक्कलकोटला गेलो. नको नको म्हणत होतो, पण बजाबाई म्हणाली, एवढं बोललात ना, आता तोंडावर जाऊन बोला की.

ईऱ्या मुलीकडं राहतो. चव्वेचाळीस वर्षांत समोरासमोर बसलो नव्हतो. अंगणात बाजेवर होता. तोंडात एक दात नाही. दात गेले की ट्रंपेटवाला संपतो, ओठाला मागून टेकूच राहत नाही. गाल आत गेलेले, लाळ पुसायला मांडीवर फडकं. लाल कोटात ताठ चालणारा तो माणूस! मला दया यायला हवी होती. किळस आली. आणि किळस आली म्हणून माझी मलाच आली.

"बा, रावजी," म्हणाला. कानडीतलं ते "ये" अजून तसंच. मी लांबची खुर्ची घेतली.

अंकितानं तिसरा तुकडा लावला. त्यानं डोळे मिटले. एकट्या ट्रंपेटची जागा आली तशी गुडघ्यावर त्याची तीन बोटं वर-खाली व्हायला लागली, ट्रंपेटच्या खटक्यांवर ठेवल्यासारखी. माझं वाजवणं आणि बोटं हा नाचवतोय! एकही सूर सोडला नाही. चोर माणूस, चोरीसुद्धा पाठ करून ठेवलेली!

संपल्यावर अंकितानं सरळ विचारलं, आजोबा, हा ट्रंपेट तुमचा की रावजीकाकांचा?

मी तयारीनं गेलो होतो. त्यानं "माझा" म्हणायचा अवकाश, सगळं बाहेर काढणार होतो. त्याच्या मुलीसमोर काढणार होतो.

"ह्येचं हाय," ईऱ्या म्हणाला. "ह्येचं नाव घाल."

अंकितानं परत विचारलं, नक्की ना?

"माझी लई हायत की. एवढं एक असू दे ह्येला."

असू दे! भिकाऱ्याच्या हातावर टेकवावं तसं. जे माझंच होतं ते मला "असू दे"! भांडला असता तर बरं वाटलं असतं. मी चहा घेतला नाही. निघताना त्यानं हात पुढं केला, तो न दिसल्यासारखं करून चपला घातल्या. परतीच्या वाटेवर पोर म्हणत होती, किती मोठं मन आहे त्यांचं. मी वळसंगजवळ गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याकडेला उभा राहिलो.

१० जुलै, गुरुवार

नव्या कव्हरचा नमुना फोनवर आला. चौघांची नावं आहेत, पार्टी गेली! आणि खाली: तिसरा तुकडा — ट्रंपेट, रावजी शिंगाडे. बजाबाईनं तो फोन देव्हाऱ्यासमोर धरला. मी म्हटलं, हे काय चाळे. पण दुपारी एकटा असताना दोनदा उघडून बघितलं.

१९ जुलै, शनिवार

कुठल्या तरी पेपरात आलं. "पडद्यामागचा ट्रंपेट" असं काहीतरी मथळ्यात. फोटोत मी माझ्याच मयताला आल्यासारखा दिसतोय. सकाळपासून फोन. नाक्यावरचे जुने लोक, ज्यांनी वीस वर्षांत साधी चौकशी केली नाही, ते आता म्हणतात, आम्हाला वाटतच होतं! काय वाटत होतं तुम्हाला? समोरच्या गल्लीतला रामहरी पेढे घेऊन आला. "रावजीअण्णा, लई अन्याव झाला तुमच्यावर." डोळ्यांत पाणीसुद्धा. मला त्या पेढ्याचा वास सहन होईना.

पुढच्या महिन्यात कार्यक्रम ठेवणार आहेत. कॅसेटचं प्रकाशन आणि माझा सत्कार. शाल, नारळ, हार. ईरप्पांनाही बोलावू म्हणाले. मी म्हटलं, बोलवा. येऊ दे, बसू दे पहिल्या रांगेत, बघू दे.

हुसेनसाबचा मात्र फोन नाही.

२४ जुलै, गुरुवार

आता सगळं मनासारखं झालंय. तरी काहीतरी बोचतंय. जेवताना, आंघोळ करताना, "माझी लई हायत की". असं कोण बोलतं? जो चोर असतो तो "माझी लई हायत" म्हणतो का? की म्हातारपणी भ्रमिष्ट झालाय? बजाबाईला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला मिळालं तरी चैन नाही, न मिळालं तरी नाही. बरोबर आहे तिचं, पण असं तोंडावर बोलायचं कारण नव्हतं.

त्या दिवसाचं आठवायला बसलो. फाटलेला ओठ आठवतो. मान हलवली ते आठवतं. त्याच्या ट्रंपेटची तोटी तोंडाला लावली तेव्हा ती गरम होती आणि रक्ताची चव आली, तेही आठवतं. मी डोळे मिटले. त्यानंतर टाळ्या. मधलं नीट आठवत नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली, कसं आठवणार!

२७ जुलै, रविवार

लाज वाटते लिहायला. अंकिताला मीच फोन केला. म्हटलं, छापायला माग ठेव, पण तिसऱ्यातला माग फक्त माझ्यासाठी एकदा काढून दे. मला माझं वाजवणं एकदा धड ऐकायचंय. मागामुळं ट्रंपेट नीट कळतच नाही. एवढा ओरडलो होतो आणि आता हे! ती हसली नाही, चांगली पोर आहे. म्हणाली, चार दिवसांत पाठवते.

३१ जुलै, गुरुवार

सत्कारासाठी बजाबाईनं माझा पांढरा सदरा परीटघडीचा करून आणला. गळ्यात सैल होतो. कार्यक्रमात दोन शब्द बोलायला सांगितलंय. कागदावर लिहून काढले, ईऱ्याचं नाव घ्यायचं की नाही यावर अडलो. शेवटी घातलं, एकाच ठिकाणी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

अंकितानं तिसरा तुकडा पाठवला, माग काढलेला. सोबत लिहिलंय — काका, मागाखाली एक आवाज दडलेला होता, आता स्पष्ट येतोय. ट्रंपेट एकटा वाजत असताना कुणीतरी दाद देतंय. हे कोण? त्यांचंही नाव कव्हरवर टाकते.

ऐकलं. ट्रंपेट वर चढतो, जराही थांबत नाही, आणि त्याच्यावरूनच एक तरणा आवाज — "हां ईऱ्या, हां!"

त्याला ईऱ्या म्हणणारा पार्टीत एकच जण होता. बाकी सगळे ईरप्पा म्हणायचे.

म्हणजे माझं वाजवून झाल्यावर तिसरा परत घेतला होता, ईऱ्यानं. फाटक्या ओठानं.

अंकिताला उत्तर पाठवलं — तो आवाज माझा आहे.